दोघांचे तिकीट



सीझन तिकीट म्हटले की आपल्याला रेल्वेचा पास आठवतो. मुंबईत नोकरीला लागलेला चुलतभाऊ ईदला गावी येतो, खिशातून पाकीट काढतो आणि त्यात तो पास दिसतो. आमच्या सोयगावला रेल्वे नाही. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचे हे गाव, गाडी धरायची तर पाचोऱ्याला जावे लागते. त्यामुळे सीझन तिकिटाशी आमचा संबंध ऐकण्यापुरताच.

खेळाच्या जगातही हा शब्द जुना आहे. कसोटी सामन्याच्या पाचही दिवसांचे मिळून एक तिकीट काढत, त्याला सीझन तिकीट म्हणत. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा शौकीन आपल्या क्लबच्या घरच्या मैदानावर होणाऱ्या सामन्यांचे वर्षभराचे तिकीट एकदाच काढतो. कित्येक घरांत ते तिकीट बापाकडून मुलाकडे आल्यासारखे जपले जाते. तिकडे दर हंगामाला या तिकिटाचे दर वाढतात आणि दर हंगामाला चाहते ओरडतात. आपल्याकडेही मोठ्या सामन्याचे तिकीट आता साध्या घराला परवडेनासे झाले आहे. महागाई सगळ्यांनाच आहे. पण एक प्रेक्षक असा आहे की त्याला ती नेहमी दुप्पट बसते. या महिन्यात आम्ही त्याच्याविषयी लिहिणार आहोत.

आमचा एक भाचा आहे. वय पंचवीसच्या आसपास. सहा-सात वर्षांपूर्वी कापसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि कमरेखालचे अंग गेले. तेव्हापासून चाकाची खुर्ची. अल्लाहच्या कृपेने हात आणि डोके शाबूत आहे, मोबाइल दुरुस्तीचे छोटेसे काम करतो. क्रिकेटचे वेड लहानपणापासूनचे. कोणत्या गोलंदाजाने कुठल्या सामन्यात किती धावा दिल्या, हे त्याला विचारावे. अम्मी म्हणते, एवढे पाठांतर शाळेच्या वेळी केले असते तर कलेक्टर झाला असता.

त्याला एकदा, फक्त एकदा, मोठ्या स्टेडियममध्ये बसून सामना पाहायचा होता. पैसे त्याने स्वतःच साठवले. फोनवर तिकीट काढायला बसला, तेव्हा आम्ही शेजारीच होतो. स्टेडियमचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव कुठेही येऊ शकतो. पडद्यावर बसण्याच्या जागांचा नकाशा आला. सगळ्यात स्वस्त जागा वरच्या मजल्यावर, म्हणजे पायऱ्यांच्या पलीकडे. चाकाची खुर्ची कुठे लावायची, हे कुठेच दिसेना. फोन केला. बऱ्याच वेळाने एक जण म्हणाला, खालच्या स्टँडमध्ये बहुतेक सोय होईल, तिथले तिकीट काढा. ते तिकीट स्वस्त तिकिटाच्या कितीतरी पट. सोबत येणाऱ्याचे काय, असे विचारले, तर उत्तर आले, "त्याचंही तिकीट लागेलच ना, तोही सामना बघणारच की."

भाच्याने फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "मामू, मेरा टिकट कभी एक नहीं होता."

हे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. आम्ही वही काढून हिशेब मांडला.

पहिला टप्पा एसटीचा. आपल्या राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये दिव्यांग प्रवाशाला 75 टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व 65 टक्क्यांहून अधिक असेल, तर सोबतच्या मदतनिसालाही अर्धे तिकीट आहे. म्हणजे 100 रुपये भाडे असेल तिथे भाच्याचे 25 आणि सोबत्याचे 50, दोघांचे मिळून 75. दोन माणसे एका पूर्ण तिकिटाहून कमी पैशांत जातात. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. वाढ सगळ्यांना लागली. पण सवलत टक्क्यांत असल्यामुळे या दोघांचे 75 रुपये 86 च्या आसपास गेले, अजूनही एका पूर्ण तिकिटाच्या आतच. सोबत अम्मी गेली, तरी 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहेच.

दुसरा टप्पा रेल्वेचा. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपरच्या डब्यात 75 टक्के सवलत मिळते आणि तेवढीच त्याच्या सोबत्यालाही मिळते. दोघांचे मिळून एका तिकिटाचे अर्धे पैसे होतात. मासिक सीझन तिकिटावर अशा दोघांना 50 टक्के सवलत आहे. मार्च 2020 मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बऱ्याच जणांच्या सवलती बंद केल्या, पण दिव्यांगांची ही सवलत ठेवली. रेल्वेवर आपण कितीही रागावलो, तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आणि ती ढकलणारा माणूस हा एकच प्रवास आहे, हे तिला कळते.

तिसरा टप्पा स्टेडियमच्या फाटकाचा. इथे येईपर्यंत जो माणूस दोघे मिळून एक होता, तो फाटकाशी एकदम दोन होतो. आता त्यावर कर धरा. आयपीएलसारख्या सामन्यांच्या तिकिटावर पूर्वी 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. मूळ 1000 रुपयांचे तिकीट 1280 ला पडत होते, ते 1400 ला पडू लागले. एकट्या प्रेक्षकाला वाढ 120 रुपयांची, भाच्याला 240 ची. दोन तिकिटांचे 2800 रुपये. ज्या खुर्चीवर बसून तो तिथे जाणार, त्या चाकाच्या खुर्चीवर 5 टक्के जीएसटी आहे, कारण ती गरजेची वस्तू. खुर्चीवर बसून जिथे जायचे, त्यावर 40 टक्के, कारण ती चैन. हिशेब इथे संपला आणि भाच्याने जमवलेले पैसेही. तो गेला नाही. त्या पैशांतून त्याने खुर्चीची पुढची चाके बदलून घेतली.

आता कोणी म्हणेल, यात रडण्यासारखे काय आहे? घरात टीव्ही आहे, मोबाइल आहे, सामना तर तिथेही दिसतो. आमच्याच घरात हे वाक्य बोलले गेले, म्हणून त्याचे उत्तर देतो. हा मुलगा वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस घरातच असतो. त्याला सामना दाखवायचा प्रश्न नव्हता, त्याला घराबाहेर तीस हजार लोकांत एक होऊन बसायचे होते. सगळे ओरडतात तेव्हा ओरडायचे होते. आपण त्याच्या औषधाचा, दाखल्याचा, पेन्शनचा विचार करतो, तो केलाच पाहिजे. पण त्याच्या आनंदाचा विचार आला की आपण लगेच काटकसरी होतो. आनंद हा जणू चालत्या माणसाचाच हक्क.

आणि तिकीट ही काही क्षुल्लक गोष्ट नाही, हे क्रिकेटवाल्यांनीच सिद्ध केले आहे. मुंबईत पूर्वी कसोटी सामने ब्रेबर्न स्टेडियमवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तिथल्या किती जागा मुंबईच्या क्रिकेट संघटनेला द्यायच्या, यावरून भांडण पेटले. ते इतके वाढले की संघटनेने जवळच दुसरे स्टेडियम बांधून काढले. तेच वानखेडे. 1975 च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. जागांच्या वाटणीवरून अख्खे स्टेडियम उभे राहू शकते, तर त्यात चार-दोन रांगा चाकाच्या खुर्च्यांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी का निघू नयेत?

या ठिकाणी आम्हाला एक प्रसंग आठवतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो ऐकलेला आहे, पण या बाजूने पाहिलेला नसेल. ईदचा दिवस होता. मस्जिदे नबवीत हबशी लोक ढाली-भाल्यांचा खेळ खेळत होते. हजरत आयशा (र.) यांना तो पाहायचा होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्यासाठी उभे राहिले. हजरत आयशा (र.) त्यांच्या मागे, खांद्याला लागून उभ्या राहिल्या आणि खेळ पाहत राहिल्या. त्यांचे मन भरेपर्यंत प्रेषित (स.) तसेच उभे होते. त्यांनी घाई केली नाही.

आलिम मंडळी या हदीसवरून अनेक मसले सांगतात, ते त्यांचे काम. आम्हाला साध्या माणसाला दोन गोष्टी दिसतात. एक, खेळ पाहण्याची इच्छा ही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. दुसरी, जो दुसऱ्याला दिसावे म्हणून उभा राहतो, तो स्वतःसाठी आलेला प्रेक्षक नसतो. भाच्याला नेणारा, त्याला उचलून बसवणारा, मधल्या वेळेत स्वच्छतागृहापर्यंत नेणारा, पाण्याची बाटली आणून देणारा, गर्दीत खुर्चीला धक्का लागू नये म्हणून आडवा उभा राहणारा माणूस सामना किती बघतो, हे ज्याने हे काम केले आहे त्याला विचारा. "तोही बघणारच की" हे फोनवरचे वाक्य म्हणूनच चुकीचे होते.

दुसरी आठवण सूरह अबसची. कुरैशचे सरदार समोर बसलेले असताना अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (र.) विचारायला आले आणि त्या वेळी त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही. त्यावर अल्लाहतआलाने आयती उतरवल्या, त्या आपण आजही नमाजमध्ये वाचतो. हेच अंध सहाबी पुढे फजरची अजान देत आणि प्रेषित (स.) मदिन्याबाहेर जात, तेव्हा मागे नायब म्हणून त्यांना नेमत. आज कोणत्याही मोठ्या मैदानावर सरदारांच्या जागा आधी ठरतात. पाहुण्यांचा कक्ष, कंपन्यांचा कक्ष, पुढाऱ्यांचे पास. दिव्यांग प्रेक्षकाचा विचार उरलेल्या जागेत होतो. ज्या उम्मतीला ही सूरह मिळाली, तिने तरी हा क्रम उलटा असायला हवा असे म्हटले पाहिजे.

बाहेरच्या देशात काय चालते? इंग्लंडमध्ये 2010 चा समानता कायदा आहे. सेवा देणाऱ्याने दिव्यांग ग्राहकासाठी वाजवी सोय केली पाहिजे, असे तो सांगतो. त्यामुळे तिथल्या मोठ्या फुटबॉल क्लबांत ज्या प्रेक्षकाला मदतनिसाची गरज आहे, त्याच्या मदतनिसाला फुकट तिकीट देण्याची पद्धत रूढ झाली आहे. सगळे आलबेल आहे असे नाही. दिव्यांग चाहत्याच्या स्वतःच्या तिकिटाचे नियम क्लबागणिक वेगळे आहेत आणि सीझन तिकिटांचे दर वाढतच आहेत. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडने चालू हंगामातच उरलेल्या सामन्यांच्या तिकिटांचा दर 66 पौंड केला आणि मुलांना व वृद्धांना असलेली सवलतही त्यातून काढली, तेव्हा चाहत्यांनी निदर्शने केली. तिथेही सवलतीवर पहारा ठेवावाच लागतो. पण मदतनिसाचे तिकीट ही मेहेरबानी नाही, एवढी गोष्ट तिथे पटलेली आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. पूर्वी 7 प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद होती, ती 21 वर गेली. या कायद्याचे 29 वे कलम सांस्कृतिक जीवनाचे आणि मनोरंजनाचे आहे. इतरांच्या बरोबरीने त्यात भाग घेता यावा, म्हणून सरकारने आणि स्थानिक संस्थांनी उपाय करावेत, असे ते म्हणते. 30 वे कलम खेळांचे आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूरी यांच्या प्रकरणात निकाल दिला. रतूरी स्वतः दृष्टिबाधित आहेत. सार्वजनिक ठिकाणे दिव्यांगांना वापरता येतील अशी करणे ही केवळ शिफारस असू शकत नाही, किमान काही नियम सक्तीचे हवेत, असे न्यायालयाने सांगितले आणि ते तयार करण्यासाठी सरकारला तीन महिने दिले. म्हणजे रॅम्पचा मुद्दा कायद्याच्या कक्षेत आला. तिकिटाचा मुद्दा अजून आयोजकाच्या मर्जीवर आहे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले. वानखेडेत साधारण 33 हजार माणसे बसतात. म्हणजे तशी जवळपास 90 स्टेडियम भरतील एवढी ही माणसे. आपल्या मातीतल्या दिव्यांग खेळाडूंचे आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी 2024 मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. पण पदक आणणारा दिव्यांगच सन्मानाचा धनी, असे नाही. ज्याला काहीच जिंकायचे नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या आहेत, त्यालाही आत येता आले पाहिजे.

आयोजक विचारतील, फुकट तिकिटाचा गैरवापर झाला तर? एसटीचा वाहक रोज ओळखपत्र बघून सवलत देतो. आता तर युडीआयडी कार्ड आहे, त्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी छापलेली असते. वाहकाला जे धावत्या बसमध्ये जमते, ते स्टेडियमच्या फाटकावर न जमण्याचे कारण नाही. परवडणार नाही, असेही म्हणू नये. 2025 च्या महिला विश्वचषकात साखळी सामन्यांची तिकिटे 100 रुपयांपासून होती. आयोजकांच्या मनात असले की दर खाली येतात.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. तिकीट विकताना चाकाच्या खुर्चीची जागा नकाशावर दाखवा. ती जागा महाग स्टँडमध्ये असली, तरी तिचा दर सर्वांत स्वस्त तिकिटाएवढा ठेवा, कारण वर चढता येत नाही हा प्रेक्षकाचा दोष नाही. आणि मदतनिसाचे तिकीट घेऊ नका.

ज्यांच्या घरी असा एखादा शौकीन आहे, त्यांनी काही गोष्टी कराव्यात. युडीआयडी कार्ड काढले नसेल तर आधी काढा, त्याच्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही. सामन्याला जायचे ठरले की आयोजकाला लेखी विचारा. फोनवरचे उत्तर हवेत विरते, लेखी उत्तर हातात राहते. नकार आला तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करा. महाराष्ट्राने 2022 च्या 3 डिसेंबरला दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते जाहीर केले, त्याला काम द्या. एका अर्जाने स्टेडियम बदलणार नाही. पण एकही अर्ज आला नाही, तर कोणाची तक्रारच नाही असे म्हणायला ते मोकळे.

आता आपल्या दाराकडे वळू. मोठ्या स्टेडियमला बोल लावणे सोपे आहे. आमच्या तालुक्यात हिवाळ्यात टेनिस बॉलचे सामने भरतात. तिकीट नसते, मांडव असतो, लाउडस्पीकर असतो, पाहुण्यांसाठी सोफा असतो. चाकाच्या खुर्चीसाठी जागा कोणी आखत नाही, कारण कोणाला सुचतच नाही. आमच्या शादीखान्याला पायऱ्या आहेत. किती मस्जिदींच्या वजूखान्यापर्यंत खुर्ची पोहोचते, हे प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यात जाऊन बघावे. इथे तर 40 टक्के कर आडवा येत नाही. दोन पोती सिमेंट आणि एका गवंड्याची एका दिवसाची मजुरी, एवढाच खर्च आहे.

गेल्या हिवाळ्यात भाच्याला आम्ही अशाच एका सामन्याला नेले. पोरांनी खुर्ची उचलून सीमारेषेच्या दोरीपर्यंत आणली. पहिली दोन षटके ठीक गेली. मग सामना रंगला, पुढची पोरे उभी राहिली आणि खुर्चीवरून फक्त पाठी दिसू लागल्या. भाचा काही बोलला नाही, त्याला सवय आहे. आम्हीही बोललो नाही, हे कबूल करतो. तेवढ्यात दहा-बारा वर्षांच्या एका पोराने मागे वळून पाहिले. तो खाली बसला आणि शेजारच्याचा शर्ट ओढून म्हणाला, "बैठ ना, भाई को दिखता नहीं." एकेक करून सगळी रांग बसली. शेवटच्या चेंडूपर्यंत बसूनच राहिली.

मोठ्या मैदानांच्या मालकांना हे कळायला वेळ लागेल. तोवर आपण आपल्या गावात एक रांग बसवू शकतो. आपल्या मोहल्ल्यात कोणी अशी सोय केली असेल किंवा करताना अडचण आली असेल, तर आम्हाला जरूर कळवा, इन्शाअल्लाह पुढील अंकात त्याविषयी लिहू. अल्लाहतआला आपल्याला दुसऱ्यासाठी जागा करण्याची तौफिक देवो. आमीन.